करडू उताणं पाजू नका

प्रश्न : मुरबाड तालुक्यात सरळगावजवळ आमची तीन एकर घरची शेती आहे. तिथे सासूबाई असतात, आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, सहाव्या मजल्यावर. नऊ दिवसांपूर्वी आमच्या शेळीला पहिल्याच वेतात जुळं झालं, एक बोकड आणि एक पाठ, म्हणजे मादी करडू. बोकड सव्वादोन किलोचा, पाठ जेमतेम दीड. ‘वार (जार) पडल्याशिवाय चीक, म्हणजे विल्यानंतरचं पहिलं दूध, पाजायचा नाही’ म्हणून सासूबाईंनी दोघांना चार तास लांब ठेवलं. नंतर शेळीने बोकडाला घेतलं, धाकटीला लाथा मारते. दुसऱ्या दिवशी मी तिला इथे घेऊन आले. मुलीने नाव ठेवलंय चिंगी. बाळासारखी मांडीवर घेऊन बाटलीने पाजते. दूध जड पडेल म्हणून त्यात निम्मं पाणी घालते. दोन दिवस पातळ लेंडी टाकतेय, पिताना ठसकते. दिवसभर बाल्कनीत कुंड्या हुंगत असते. दीर म्हणतात, बोकडाबरोबर जन्मलेली पाठ वांझ निघते, कशाला हा खटाटोप? तिला परत नेऊ का? शेळी घेईल का?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : ताई, पत्राखाली फोन नंबर दिलात ते बरं केलंत. अंक छापून येईपर्यंत करडू थांबत नाही, म्हणून पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुमच्याशी बोललो. तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी ते ठसकणं. माणसाचं बाळ मांडीवर उताणं घेऊन पाजतात, करडू नाही. आईच्या कासेखाली ते कसं उभं असतं आठवा : चार पाय जमिनीवर, मान वर, तोंड पुढे. तसं चोखलं की अन्ननलिकेच्या शेवटी एक पन्हळ मिटते आणि दूध मोठ्या पोटाला वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या जठरात उतरतं. उताणं पाजलं की घोट श्वासनलिकेत जायची भीती. चिंगीला आजपासून उभी करूनच पाजा, बाटली तिच्या तोंडाच्या जरा वर धरा. श्वास भराभर चालत असेल किंवा अंग तापलं असेल तर शनिवारी गावी जाईपर्यंत वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. शेळीचं तापमान १०२ ते १०३ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. आपल्या हाताला ती कोमट लागणारच, तेव्हा थर्मामीटर लावल्याशिवाय ताप ठरवू नका.

पाणी घालणं बंद. पाण्याने दूध हलकं होत नाही, उपाशी होतं. गाईचं पूर्ण मलईचं दूध उकळून, अंगाइतकं कोमट करून द्या. तुम्ही फोनवर वजन एक किलो सातशे सांगितलंत. म्हणजे दिवसाला पाव लिटरच्या आसपास, पाच वेळा पन्नास-पन्नास मिली. एकदम जास्त पाजलं की पुन्हा पातळ. मधल्या वेळात ओआरएसचं पाणी द्या, पण दुधात मिसळून नाही. दूध पूर्ण तोडूही नका. रक्त दिसलं किंवा चोखायचं थांबली, तर मग घरगुती काही नको.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागावू नका, मुरबाड-शहापूरकडे मी ३१ वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो आणि हा समज निम्म्या घरांत ऐकला. गंमत म्हणजे तो नेमका उलटा आहे. करडू चोखायला लागलं की शेळीचं गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदतच होते. शिवाय करडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायची तयारी जवळजवळ नसते, ती चिकातून येते. आणि ती रक्तात उतरायचं आतड्याचं दार तासागणिक मिटत जातं, चोवीस तासांत जवळपास बंद. पहिल्या तासाभरात पोटात घोट गेला पाहिजे, दिवसभरात वजनाचा दहावा भाग तरी. चिंगीच्या पोटात किती गेला कोण जाणे, म्हणून तिच्याबाबतीत स्वच्छता दुप्पट.

लाथा का मारते? दोन करडं, दोन सड, हिशेब जमायला हवा. पण पहिलटकरणीचा एक सड कधी चिकट बुचाने बंद असतो, कधी एका बाजूची कास सुजलेली असते. सासूबाईंना दोन्ही सडांतून धार काढून बघायला सांगा. कास गरम, कडक असेल किंवा दुधात गाठी असतील, तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून डॉक्टर बोलवा.

माझी एक चूक सांगतो. नोकरीचं पहिलंच वर्ष, टोकावड्याच्या बाजूला एका पाड्यावर पौषातली पहाट. जुळ्यातलं धाकटं करडू गारठून पडलं होतं. तोंडात बोट घातलं तर आत थंडगार. मी शहाणा, चमच्याने चीक ओतला. गारठलेल्या करडाला गिळता येत नाही, पोटही चालत नाही. ते पाच मिनिटांत गेलं. घरची म्हातारी काही बोलली नाही. थोरलंही कुडकुडत होतं, तिने ते म्हसाच्या जत्रेतल्या जुन्या घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी पदरात घेतलं. अर्ध्या तासाने आपलं बोट त्याच्या तोंडात दिलं, त्याने चोखल्यावरच आईखाली लावलं. तेव्हापासून मी आधी तोंडात बोट घालतो, बाकी सगळं नंतर. थंडीत तुमच्या गोठ्यातही जमिनीवर नुसती फरशी नको, पेंढा हवा आणि तो रोज बदलायला हवा.

दिरांचं म्हणणं गाईच्या बाबतीत खरं. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या दहा कालवडींतल्या नऊ वांझ निघतात. शेळ्यांत तसं क्वचितच होतं. उस्मानाबादी आणि आपली कोकण कन्याळ या जातींना जुळी नेहमीची, त्यातल्या बहिणी वाळीत टाकल्या असत्या तर कळप वाढलेच नसते. चिंगी बारकी राहिली त्याचं कारण वेगळं : पोटातली बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते, तेव्हा शेळीला खुराक कमी पडला असावा. पुढच्या गाभणपणी लक्षात ठेवा.

परत न्या, हो. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात, आणि माणसांत एकटं वाढलेलं करडू पुढे शेळ्यांत बिचकतं. शेळी घेईल याची आशा फार धरू नका. पिल्लाची ओळख ती पहिल्या काही तासांत चाटून, वासाने ठरवते, इथे नऊ दिवस गेलेत. दिवसातून तीनदा शेळी आखूड दोरीने बांधून चिंगीला खाली लावून बघा. नाहीच घेतलं तर बाटली चालू ठेवा, पण झोपायला भावाजवळ. तिसऱ्या आठवड्यापासून उंबराचा, बोरीचा कोवळा पाला टांगा, ती आपणहून कुरतडायला लागेल. आंत्रविषार आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) यांच्या लशी कधी टोचायच्या ते डॉक्टर सांगतील.

फोनवर विचारायचं राहिलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं : बाल्कनीत कोणती झाडं आहेत? तुळस, मोगरा आणि कण्हेर, म्हणालात. कण्हेरीची पानं शेळीला विष आहेत, थोडी खाल्ली तरी. कुंडी तिथेच ठेवून लक्ष ठेवू म्हणू नका, शेजाऱ्यांकडे द्या. सेक्रेटरींकडे दिलीत तर आणखी बरं.

शनिवारी पहाटे निघा. कल्याणला गाडी अडकणारच, तेव्हा एक वेळचं पाजणं वाटेतच येईल. दूध थर्मासमध्ये भरू नका, कोमट राहून नासतं. गार दुधाची बाटली वेगळी घ्या, थर्मासमध्ये गरम पाणी, आणि पाजायच्या आधी मगात पाणी ओतून बाटली त्यात दहा मिनिटं धरा. गाडीत मुलीला सांगा, मांडीवर घेतलंस तरी चालेल, पण पाजताना खाली उतरवून उभं करायचं.