नवी सीमा, नवी क्षितिजं की सीमोल्लंघन?

प्रश्न थोडक्यात असा : जॉन केनेडींच्या देशांतर्गत कार्यक्रमावरचा लेख मराठीत आणताना प्रश्नकर्त्या ताईंनी 'न्यू फ्रंटियर'ला 'नवी सीमा' म्हटलं. मैत्रिणीला ते कोरडं वाटलं, तिनं 'नवी क्षितिजं' सुचवलं. यांतलं बरोबर कोणतं? शिवाय त्यांना आपली दोन वाक्यं तपासून हवी आहेत. पहिलं, 'विरोधकांनी केनेडींची विधेयकं फेटाळली'. दुसरं, 'वृद्धांच्या आरोग्यविम्याचं विधेयक १९६२ मध्ये सिनेटच्या पटलावर ठेवण्यात आलं'.

मला दोन्ही प्रतिशब्द पटत नाहीत, आणि दोन्ही वाक्यांत दुरुस्ती हवी.

'फ्रंटियर' हा शब्द आपल्याकडे इंग्रजांच्या राजवटीतून आला. वायव्य सरहद्द प्रांत, सरहद्द गांधी म्हणजे खान अब्दुल गफार खान, हे सगळे त्याच शब्दाचे मराठी अवतार. त्या फ्रंटियरवर चौक्या असतात, पलटणी असतात, पलीकडे दुसऱ्याचं राज्य असतं. 'सीमा' वाचल्यावर तर मराठी माणसाला आधी बेळगाव, कारवार, निपाणी आठवतं. सीमाभाग, सीमाप्रश्न, सीमालढा. 'केनेडींची नवी सीमा' असं वाचणाऱ्याला वाटेल, यांनी नकाशावर नवी रेघ ओढली. सीमा, हद्द, सरहद्द हे आपले शब्द मुळात थांबवणारे आहेत. हद्दीत राहा, हद्द ओलांडू नको, हद्दपार केलं, आता हद्द झाली.

अमेरिकेचा फ्रंटियर थांबवत नाही, बोलावतो. वस्ती जिथं विरळ होत जाते आणि पुढं (वस्ती करणाऱ्यांच्या नजरेत) मोकळी जमीन सुरू होते, तो पट्टा म्हणजे फ्रंटियर. तो दर पिढीत पश्चिमेकडे सरकत गेला. १८९० च्या जनगणनेनंतर जनगणना कार्यालयानं सांगितलं, की आता अशी सलग रेषा दाखवता येत नाही. १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकारानं शिकागोत निबंध वाचून मांडलं, की अमेरिकी माणसाचा स्वभाव या सरकत्या कडेनंच घडवला. जमीन 'मोकळी' होती हे अर्थात खरं नाही. तिथं मूळ रहिवाशांची राष्ट्रं नांदत होती आणि त्यांना हुसकावून ती मोकळी केली गेली. शब्दाचा अर्थ सांगताना ही बाजू वगळू नये.

केनेडींनी हा शब्द १५ जुलै १९६० रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियम या स्टेडियममध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना वापरला. जागाही नेमकी होती. एके काळची शेवटची कड जिथं होती तिथं, पश्चिमेकडे तोंड करून आपण उभे आहोत, असं ते म्हणाले. त्यांचं सांगणं असं : लोकांना वाटतं, आता फ्रंटियर उरला नाही, लढाया संपल्या. पण आपण एका नव्या फ्रंटियरच्या कडेवर उभे आहोत, आणि त्यात आश्वासनांची यादी नाही, आव्हानांची आहे. मी तुम्हाला काय देणार हे त्यात नाही, तुमच्याकडून काय मागणार ते आहे.

म्हणूनच मला 'क्षितिज' नको वाटतं. क्षितिज सुंदर असतं, पण हाती लागत नाही. त्याच्यासाठी कुणी जंगल तोडत नाही, कुणाचा जीव जात नाही. नव्या नाटकाच्या, नव्या संस्थेच्या कौतुकात 'नवी क्षितिजं' इतकी वापरली गेली आहेत, की त्यात मागणी उरलेली नाही. केनेडींच्या शब्दात मागणी होती.

आपल्या भाषेत कड ओलांडायला बोलावणारा शब्द आहे, आणि त्याच्यामागं शतकांचा अनुभव आहे : सीमोल्लंघन. लोकांच्या तोंडी त्याचं शिलंगण झालं. पाऊस सरला, दसरा आला, की मराठी फौजा मोहिमेला निघत. आजही गावोगाव त्या दिवशी शिवेबाहेर जाऊन आपट्याची पानं सोनं म्हणून आणतात. (मुंबईचं शीव स्टेशन म्हणजे हीच शीव, जुन्या मुंबई बेटाची कड.) घरची सुरक्षितता सोडून, धोका पत्करून बाहेर पडण्याची हाक या एका शब्दात आहे.

पूर्ण जुळतो का? नाही. फ्रंटियर ही जागा आहे, सीमोल्लंघन ही कृती. शिलंगणाला गेलेला संध्याकाळी घरी येतो, फ्रंटियरवर गेलेला तिथंच घर बांधतो. तरी भाषणातली हाक पोचवायला याहून जवळचा शब्द मला सापडलेला नाही. माझा सल्ला असा, की 'न्यू फ्रंटियर' हे नाव आहे तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथं 'म्हणजे नवं सीमोल्लंघन' एवढं जोडा.

आता वाक्यं. पहिल्यात 'विरोधक' आणि 'फेटाळली' हे दोन्ही शब्द वाचकाला चुकीच्या ठिकाणी नेतात.

मराठी वाचक 'विरोधक' म्हटलं की विरोधी बाकांकडे पाहतो. केनेडींच्या डेमोक्रॅटिक पक्षाला दोन्ही सभागृहांत, म्हणजे प्रतिनिधिगृहात आणि सिनेटमध्ये, बहुमत होतं. त्यांना अडवलं ते स्वपक्षातल्या दक्षिणी सदस्यांनी, रिपब्लिकनांशी हातमिळवणी करून. आपल्याकडे पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, तिथं तसं काही नाही. आणि दक्षिणेत एकाच पक्षाचं राज्य होतं, काळ्या नागरिकांना मतदानापासून दूर ठेवलं जात होतं, त्यामुळं तिथले सदस्य वर्षानुवर्षं निवडून येत. समितीचं अध्यक्षपद ज्येष्ठतेनं मिळे. म्हणजे त्याच लोकांच्या हाती किल्ल्या. केनेडी ४३ व्या वर्षी निवडून आले, तेही पावणेसात कोटींहून अधिक मतांत सव्वा लाखाहूनही कमी आघाडीनं. असा तरुण अध्यक्ष या ज्येष्ठांना कसला धाक घालणार?

त्यातली मोठी किल्ली नियम समितीची. विधेयक प्रतिनिधिगृहात कधी येणार, किती वेळ चर्चा होणार, हे ती ठरवी. समितीचे अध्यक्ष व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ, वय ७७. १९५७ मध्ये नागरी हक्कांचं विधेयक समोर असताना, शेतावरचं कोठार जळालं म्हणून ते निघून गेले होते आणि बैठकच झाली नव्हती. समितीत १२ जण, आठ डेमोक्रॅट आणि चार रिपब्लिकन. स्मिथ आणि मिसिसिपीचे डेमोक्रॅट विल्यम कोल्मर रिपब्लिकनांच्या बाजूला गेले, की ६-६. केनेडींच्या शपथविधीनंतर अकराच दिवसांनी सभापती सॅम रेबर्न यांनी समिती १५ जणांची करून घेतली. ठराव २१७ विरुद्ध २१२ असा जेमतेम पाच मतांनी तरला.

तरीही जुलै १९६१ मध्ये शाळांना केंद्रीय मदत देणारं विधेयक याच समितीनं ८-७ नं अडवलं. आठवं मत दक्षिणेचं नव्हतं, न्यू यॉर्कचे कॅथलिक डेमोक्रॅट जेम्स डिलेनी यांचं होतं. चर्चच्या शाळा वगळल्या म्हणून ते नाराज होते. आणि पहिले कॅथलिक अध्यक्ष असल्यामुळंच केनेडींना त्या शाळांना पैसा देणं शक्य नव्हतं. प्रचारात त्यांनी धर्म आणि राज्य वेगळं ठेवण्याचा शब्द दिला होता. मला हा प्रसंग सगळ्यांत बोचतो. एकाच धर्माची दोन माणसं, दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक, आणि मधल्या मध्ये शाळा राहिल्या.

अशा विधेयकांना 'फेटाळली' म्हणू नये. फेटाळणं म्हणजे सभागृहानं समोरासमोर मत देऊन नाही म्हणणं. फेब्रुवारी १९६२ मध्ये नगरविकासाचं नवं खातं २६४ विरुद्ध १५० मतांनी गेलं, ते खरं फेटाळणं. रॉबर्ट वीव्हर त्या खात्याचे प्रमुख, म्हणजे पहिले काळे कॅबिनेट मंत्री होणार होते, हेही त्या मतांमागं होतं. बाकी बरंचसं काम रखडलं, अडलं. आपल्याकडे त्याला 'भिजत घोंगडं' म्हणतात आणि इथं तो शब्द अगदी चपखल बसतो. सिनेटमध्ये लांबलचक भाषणं करून विधेयक रोखतात, त्याला मात्र 'चर्चेचं गुऱ्हाळ' पुरत नाही. गुऱ्हाळ आपोआप लांबतं, ते मुद्दाम लांबवतात. 'वेळकाढू भाषणबाजी' म्हणा.

दुसऱ्या वाक्यातली चूक अधिक फसवी आहे. आपल्या विधिमंडळात 'पटलावर ठेवणं' म्हणजे सभागृहापुढं मांडणं. हा अर्थ ब्रिटिश वापरातून आला. अमेरिकी संसदीय भाषेत 'टेबल' केलं म्हणजे बाजूला सारलं, नेमकं उलट. १७ जुलै १९६२ रोजी सिनेटनं ५२ विरुद्ध ४८ मतांनी वृद्धांचा आरोग्यविमा बाजूला सारला. त्या ५२ जणांत २१ डेमोक्रॅट होते. दोनच महिन्यांपूर्वी केनेडींनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये याच विम्यासाठी सभा घेतली होती. ताईंच्या वाक्यानं हा पराभव वाचकाला प्रगती वाटेल. 'बासनात गुंडाळलं' लिहा.

एका ठिकाणी मात्र मराठी आणि इंग्रजी अगदी हातात हात घालून चालतात. केंद्राच्या मदतीनं बांधलेल्या घरांतला वर्णभेद अध्यक्ष लेखणीच्या एका फटकाऱ्यानं संपवू शकतो, असं केनेडी प्रचारात म्हणाले होते. सही लांबत गेली, कारण दक्षिणेची मतं इतर विधेयकांना हवी होती. लोकांनी व्हाइट हाउसला टपालानं पेनं पाठवली. फटकारा अखेर २० नोव्हेंबर १९६२ ला उमटला. ताईंच्या लेखात हा प्रसंग असेल, तर वाक्प्रचार बिनधास्त तसाच ठेवा.

'सगळं अडलं' असंही लिहू नका. किमान वेतन १.२५ डॉलरपर्यंत नेणारा कायदा १९६१ मध्ये झाला, समान वेतनाचा १९६३ मध्ये. जून १९६३ मध्ये नागरी हक्कांचं विधेयक काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे गेलं, नोव्हेंबरमध्ये केनेडींची हत्या झाली. ते विधेयक जुलै १९६४ मध्ये आणि वृद्धांचा विमा जुलै १९६५ मध्ये केनेडींनंतरचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीनं कायदा झाला. तेव्हा दोन्ही वाक्यं मी अशी लिहीन : 'स्वपक्षातल्या दक्षिणी सदस्यांनी रिपब्लिकनांच्या साथीनं केनेडींची महत्त्वाची विधेयकं अडवून धरली. वृद्धांच्या आरोग्यविम्याचं विधेयक सिनेटनं १९६२ मध्ये बासनात गुंडाळलं. ते मार्गी लागलं १९६५ मध्ये, केनेडींच्या पश्चात.'