सेल गळला, रिमोट वाचेल का?

प्रश्न : कूलरच्या रिमोटमधले सेल हिवाळाभर आतच राहिले. आता स्प्रिंगवर पांढरी भुकटी आलीय. काय करावं? (एक वाचक, परभणी)

उत्तर : रिमोट बहुधा वाचेल. हातमोजे घालून सेल काढा. सेलवर ‘अल्कलाइन’ छापलं असेल तर कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी, तिथं ओला खायचा सोडा. मग ओलसर काडी फिरवून पूर्ण वाळवा. स्प्रिंग हिरवी असेल तर पॉलिश पेपरनं हलकं घासा.

झाकणाच्या आत सेल टाकल्याचा महिना-वर्ष लिहा. जुना-नवा सेल एकत्र नकोच : कमजोर सेल आधी संपतो, नव्याच्या जोरानं त्याचे धन-ऋण टोक उलटतात, आत वायू साठून सील फुटतं. आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच! कूलर आवरताना सेलही काढा.