जुलैतलं तळं बघून होकार देऊ नका

प्रश्न : ताई, मी नर्स आहे. सध्या आम्ही कॅनडात, टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला राहतो. सस्कॅचेवान प्रांताच्या उत्तरेकडच्या ला राँज या गावात मला नोकरी मिळतेय. नवऱ्याचं काम घरून चालतं, मुलगी सहा वर्षांची आहे. जुलैत जाऊन गाव बघून आलो. तळं बघितल्यावर मुलगी परत यायला तयारच नव्हती. सासूबाई पुढच्या वर्षी भारतातून सहा महिने राहायला येणार आहेत. त्यांचं एकच म्हणणं : "माणसं सोडून जंगलात कशाला जाताय?" काय करावं?

उत्तर : जंगल आहे हे खरंच. दक्षिणेकडचं प्रिन्स अल्बर्ट शहर सोडलं की सुमारे २४० किलोमीटर स्प्रूस, पाइन आणि पाणी, बाकी फारसं काही नाही. पण माणसं नाहीत असं मात्र नाही. हा वुडलँड क्री या मूळनिवासी लोकांचा मुलूख. गावाची वस्ती अडीच हजारांच्या आसपास, शेजारी एअर राँज हे छोटं गाव, आणि लागूनच क्री लोकांची वस्ती. तुमचे बरेचसे रुग्ण तेच असतील. नुसतं "तान्सी" (क्री भाषेतला नमस्कार) म्हणून विचारपूस केलीत तरी पुढचं बोलणं सोपं जातं. तिथे पाहुणे आपण आहोत, एवढं घरात आधीच बोलून ठेवा.

माझं मत : जा, पण सही करण्याआधी एकदा फेब्रुवारीत जाऊन या. जुलैत तिथे सतरा तासांहून जास्त उजेड असतो, तळ्यातल्या हजारावर बेटांमधून होड्या फिरतात. तेव्हा कुणालाही तिथे राहावंसं वाटेल. डिसेंबरच्या शेवटी दिवस सव्वासात तासांच्या आसपास येतो आणि पारा उणे चाळिसापर्यंत उतरू शकतो. रात्री गाडीच्या इंजिनाचा हीटर विजेला जोडून ठेवावा लागतो. तुमचा त्रास त्या मानाने कमी, कारण तुम्ही रोज कामाला बाहेर पडाल. दिवसभर घरात बसणार तुमचे यजमान. त्यांना तिथे स्वतःचं काहीतरी हवं : बर्फातली मासेमारी, स्कीइंग, काहीही. ते "बघू" म्हणाले तर मला काळजी वाटेल. मुलीचं नका मनावर घेऊ, ती शाळेत रुळेल. फक्त गोठलेल्या तळ्यावर एकटी जायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. चालायला किमान १० सेंटिमीटर बर्फ लागतो, गाडीला ३०. आणि हा बर्फ सगळीकडे सारखा नसतो, प्रवाहाजवळ पातळ असतो.

थंडीपेक्षा मला धास्ती वाटते ती वणव्यांची. जुलै २०१५ मध्ये ला राँज आणि आसपासच्या भागातून सुमारे १३,००० लोकांना घरं सोडावी लागली. जून २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा गाव रिकामं करायचा हुकूम निघाला, आणि त्या आगीत गावातलं रॉबर्टसन ट्रेडिंग हे जुनं दुकान जळालं. दक्षिणेकडे निघायचा मुख्य रस्ता एकच, दोन नंबरचा हायवे. म्हणून मे ते सप्टेंबर गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. पासपोर्ट, पीआर कार्ड (कायम रहिवासाचं), लग्नाचा दाखला, मुलीची लसीकरणाची नोंद आणि औषधं एका पिशवीत दाराजवळ. फोनवर सास्कअलर्ट हे प्रांताचं धोक्याच्या सूचना देणारं अ‍ॅप. भाड्याच्या घराचा विमा घ्याल तेव्हा गाव रिकामं करावं लागलं तर बाहेर राहण्याचा खर्च मिळतो का, हे लेखी विचारा. घरात कुणाला दमा असेल तर धुराचे दिवस गृहीत धरा.

आता सासूबाई. त्यांना मे-जूनमध्ये बोलवू नका. ऑगस्टच्या मध्यावर येऊ द्या : डास कमी झालेले असतात, थोड्याच दिवसांत पानं पिवळी व्हायला लागतात, गणपतीही पाठोपाठ येतात. (धातूची मूर्ती ठेवा, बादलीत विसर्जन करा. तळ्यात नको.) सहा महिने राहिल्या तर फेब्रुवारी त्यांनाही दिसेल, नकोसं झालं तर डिसेंबरात परत जाता येईल असं तिकीट काढा. रक्तदाब-मधुमेहाची औषधं भरपूर आणायला सांगा आणि त्यांच्या विम्यात जुने आजार धरलेत का ते तपासा. विशेषज्ञ डॉक्टरकडे जायचं म्हणजे बहुतेक वेळा सॅस्कटून, सुमारे ३८० किलोमीटर.

किराणाही तिथूनच. तूरडाळ, गूळ, गोडा मसाला एकदम भरा; कढीपत्ता आणि खवलेलं खोबरं फ्रीझरमध्ये. कुकरची एक जास्तीची रिंग ठेवा, ती गावात मिळेल या भरवशावर राहू नका. मसूर मात्र याच प्रांताच्या दक्षिणेला पिकतो, भारतातही जातो! तळ्यांमधला जंगली भात (वाइल्ड राइस) स्थानिकांकडून घ्या. तो शिजायला पाऊण तास घेतो, खिचडीत आपल्या तांदळाबरोबर एकदम टाकू नका.

फोनचं एक सुख आहे. सस्कॅचेवानच्या बहुतेक भागात उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करत नाहीत, त्यामुळे भारताशी फरक बारा महिने साडेअकरा तासांचाच. शनिवारी रात्री साडेआठला फोन लावलात की तिकडे रविवार सकाळचे आठ वाजलेले असतात, चहाची वेळ. ब्रॅम्प्टनच्या मित्रमंडळींशी मात्र उन्हाळ्यात दोन तासांचा आणि हिवाळ्यात एक तासाचा फरक पडेल, तेवढा लक्षात ठेवा.