दोन्ही साप साधे तपकिरी, मग पिल्लू अल्बिनो कसं?

कोपरीतल्या तुमच्या मित्राकडे बॉल पायथनची तपकिरी जोडी, आणि सहा अंड्यांतून एक पिल्लू पिवळं-पांढरं, लाल डोळ्यांचं. मादीवर संशय घेऊ नका. दोघांकडेही अल्बिनोचं जनुक लपलेलं होतं. ते अप्रभावी असतं. आईकडून एक, बापाकडून एक अशा दोन प्रती जुळल्या तरच काळं रंगद्रव्य बनत नाही. पिवळं शाबूत राहतं, म्हणून पिल्लू नुसतं पांढरंफटक दिसत नाही.

शक्यता दर अंड्यामागे 25 टक्के. चारात एक हमखास, असा हिशेब नाही. सहाच्या सहा तपकिरी निघाली असती तरी नवल नव्हतं. उरलेल्या पाचांना विक्रेते ‘66 टक्के हेट’ म्हणतात, म्हणजे प्रत्येकाकडे लपलेली प्रत असण्याची शक्यता तीनात दोन. नुसतं बघून ते कळत नाही, तेव्हा त्यापायी जादा पैसे मोजू नका.

‘स्पायडर’ मॉर्फला, म्हणजे बॉल पायथनच्या त्या रंग-नक्षीच्या प्रकाराला, जनुकाची एकच प्रत पुरते, पण सोबत मान डुगडुगते. मी तरी घेणार नाही.

आणि हो, येऊरला पांढरी धामण दिसली तर घरी आणायची नाही. 1972 चा वन्यजीव कायदा तिलाही लागू आहे. परदेशी बॉल पायथनचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, मित्राला विचारा केलीय का.