पहिलं डोमेन घेताना

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, विकणारी कंपनी पहिल्या वर्षाचा भाव बघून निवडू नका. 99 रुपयांची पाटी दिसली की आधी रिन्यूअलचा दर शोधा, त्यावर 18 टक्के जीएसटी धरा आणि पाच वर्षांचा हिशेब मांडा. खरा खर्च तिथेच कळतो.

.कॉम हवं असेल तर कंपनी आयकॅनमान्य (आयकॅन म्हणजे जगभरातल्या डोमेनांचं नियमन बघणारी संस्था) आहे का ते बघा; .इन साठी निक्सीची, म्हणजे .इन सांभाळणाऱ्या भारतीय संस्थेची, मान्यता लागते. रिसेलरकडून, म्हणजे मधल्या विक्रेत्याकडून घेतलंत, तर मूळ रजिस्ट्रार (डोमेनची नोंदणी करणारी मान्यताप्राप्त कंपनी) कोण हे आधी विचारून ठेवा.

सगळ्यात जास्त त्रास मालकीचा होतो. वेबसाइट करणारा माणूस डोमेन स्वतःच्या नावावर घेतो आणि पुढे फोन उचलत नाही. म्हणून खातं तुमचंच हवं, रजिस्ट्रंट (डोमेनचा नोंदणीकृत मालक) म्हणून नावही तुमचंच. ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा देऊ नका, कारण डोमेन बंद पडलं की तोही बंद आणि पासवर्ड बदलायची वाट संपली.

घेतल्याबरोबर एवढं करा:
- ईमेल पडताळणीच्या लिंकवर क्लिक करा. .कॉम असेल तर 15 दिवसांत पडताळणी झाली नाही की डोमेन थांबवलं जातं.
- टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डसोबत दुसरा कोडही मागणारं) आणि ऑटो-रिन्यू चालू करा. कार्डाची मुदतही तपासा.

होस्टिंग (वेबसाइट ठेवायची जागा), ईमेल, एसएसएल (साइट सुरक्षित करणारं प्रमाणपत्र) यांच्या आधीच टिक केलेल्या चौकटी काढून टाका. एसएसएल बहुतेक होस्टिंगसोबत फुकट मिळतं.

कंपनी नाही पटली तर .कॉम पहिल्या 60 दिवसांनंतर दुसरीकडे हलवता येतं, त्यामुळे निवडीत महिनाभर अडकून पडू नका. डीएनएसचं (डोमेन वेबसाइटशी जोडण्याचं) नंतर बघू.