ब्रूनोला म्युनिकला नेताना

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. मिस्टरांची कंपनी त्यांना जानेवारीत तीन वर्षांसाठी म्युनिकला पाठवते आहे. आमचा ब्रूनो साडेचार वर्षांचा रॉटवायलर आहे. पिल्लू असल्यापासून घरात वाढलाय, सोसायटीतली मुलं त्याच्या अंगावर लोळतात. जर्मनीत ही जात चालत नाही असं कुणी सांगतं, कुणी म्हणतं चालते. एका एजंटने सुचवलं की कागदावर सरळ 'मिक्स ब्रीड' लिहून घ्या, तिकडे कुणी बघत नाही. काय करावं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, आधी एजंटचं बोलते, कारण ते वाचून माझा जीव धसकला. असं अजिबात करू नका. कुठलाही डॉक्टर असं लिहून द्यायला तयार झाला तरी घेऊ नका. म्युनिक ज्या राज्यात आहे, त्या बव्हेरियाच्या नियमात रॉटवायलरचा संकर रॉटवायलरच्याच रांगेत बसतो, म्हणजे 'मिक्स' लिहून सुटका काहीच नाही. उलट खोटा कागद पकडला गेला, तर ब्रूनोला तुमच्यापासून वेगळं करून प्राणी-निवाऱ्यात ठेवलं जाऊ शकतं. तुम्ही तेव्हा परक्या देशात, भाषा येत नाही, आणि कुत्रं पिंजऱ्यात. हा धोका त्याच्या वाट्याला का आणायचा?

तुम्हाला दोन उत्तरं मिळाली, कारण जर्मनीत कायदाही दोन पातळ्यांवर आहे. 2001च्या केंद्रीय कायद्याने चार जाती देशात आणायलाच बंदी आहे : पिट बुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशर टेरिअर, स्टॅफर्डशर बुल टेरिअर आणि बुल टेरिअर, त्यांचे संकरही त्यात आले. रॉटवायलर या यादीत नाही, म्हणजे ब्रूनो जर्मनीत येऊ शकतो. पण कुत्रं पाळायचे नियम प्रत्येक राज्याचे आपापले. रॉटवाइल हे या जातीचं मूळ गाव बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आहे. तिथल्या यादीत रॉटवायलर नाही. मिस्टरांची बदली त्याच राज्यातल्या स्टुटगार्टला झाली असती, तर जातीचा प्रश्न इथेच संपला असता. शेजारच्या बव्हेरियात मात्र दोन याद्या आहेत, आणि तो तिथल्या दुसऱ्या यादीत येतो. पहिल्या यादीतल्या जाती धोकादायकच धरतात, तिथे वाद नाही. दुसऱ्या यादीतलं कुत्रं धोकादायक नाही हे मालकाला सिद्ध करता येतं. मान्यताप्राप्त तज्ज्ञ कुत्र्याचा स्वभाव तपासून अहवाल देतो आणि त्यावर पालिका दाखला देते. त्याला तिकडे 'नेगाटिव्हझॉयग्निस' म्हणतात. म्युनिकमध्ये हे काम केव्हीआर नावाचं पालिकेचं खातं बघतं. त्यांना आत्ताच ईमेल करा. जात, वय, वजन, फोटो, सगळं खरं लिहा आणि पोचल्यावर दाखला मिळेपर्यंत ब्रूनोला कसं ठेवायचं, तोंडाला जाळी आणि पट्टा सक्तीचा आहे का, हे लेखी विचारून घ्या. घरमालकालाही जात सांगूनच भाडेकरार करा.

सोसायटीतली मुलं अंगावर लोळतात, हे वाचून मला ब्रूनोचा स्वभाव कळला. पण तज्ज्ञ बघेल ते वेगळंच असतं : सायकल अगदी जवळून गेली, अनोळखी माणूस अचानक समोर आला, दुसरं कुत्रं गुरगुरलं, तर हा काय करतो? आजपासून त्याला कर्वे रोडच्या गर्दीत, रिक्षांच्या हॉर्नमध्ये पट्ट्यावर शांत चालायची सवय लावा. जाळीची सवयही आत्ताच. जाळीच्या आत थोडं पीनट बटर लावा, त्याला स्वतःहून तोंड घालू द्या. आठवडाभराने बक्कल लावा, तेही क्षणभरच.

आता तारखा. ब्रूनोला मायक्रोचिप आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि सगळं गाडं तिथेच अडतं. आधी चिप, मग रेबीजची लस. उलट झालं तर ती लस युरोपच्या हिशेबात धरत नाहीत. आपल्याकडे लसीचं पुस्तक नीट भरलेलं असतं, स्टिकर असतं, सही असते, पण चिपचा नंबर नसतो. स्कॅनर खांद्यांच्या मधोमध फिरवून पंधरा आकडे वाचून घ्या आणि ते पुस्तकातल्या आकड्यांशी एकेक करून जुळवा. चिप नसेल तर याच आठवड्यात बसवा आणि लस पुन्हा द्या. लसीनंतर किमान तीस दिवस थांबून रक्त काढायचं. ते युरोपियन युनियनने मान्य केलेल्या लॅबमध्ये जातं, आणि रेबीजविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण प्रति मिलिलिटर 0.5 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा जास्त यावं लागतं. रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने पुरे झाल्याशिवाय भारतातून कुत्रं युरोपात जात नाही. ही अट पैसे भरून कमी होत नाही. जानेवारीत निघायचं, तर रक्त सप्टेंबरच्या आत काढलेलं असावं. त्यानंतर बूस्टरची तारीख एक दिवसही चुकवू नका. चुकली की चाचणी पुन्हा, आणि ते तीन महिनेही पुन्हा.

शेवटचा आरोग्य दाखला मुंबईच्या अॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिस या सरकारी कार्यालयाकडून घ्यायचा. तो दिल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोचायला हवं. तुमचा आणि ब्रूनोचा प्रवास पाच दिवसांच्या फरकात बसवा, नाहीतर त्याला व्यापारी माल समजून वेगळे नियम लागतात. क्रेटमध्ये, म्हणजे विमानप्रवासाच्या पिंजऱ्यात, तो पूर्ण उभा राहून वळू शकला पाहिजे. ताकदवान जातींसाठी काही विमान कंपन्या जास्त मजबूत क्रेट मागतात, ते बुकिंगच्या वेळीच विचारा. क्रेट आजच हॉलमध्ये ठेवून त्याचं जेवण आत द्यायला लागा. आणि झोपेचं औषध नको. विमानात गुंगीत असलेल्या कुत्र्याची मला फार भीती वाटते, रक्तदाब आणि श्वास दोन्ही बिघडू शकतात.

प्रश्न : मुलगा मँचेस्टरला आहे, आम्ही दोघं त्याच्याकडे कायमचे जातोय. आमच्याकडे दोन वर्षांचा एक्सएल बुली आहे. त्याला नेता येईल का? नाही तर दुबईला भाच्याकडे ठेवता येईल का?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : काका, दोन्हीकडे नाही. इंग्लंड-वेल्समध्ये 1 फेब्रुवारी 2024पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय एक्सएल बुली पाळणं गुन्हा आहे, आणि त्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायची मुदत 31 जानेवारी 2024ला संपली. तिथे कागदावरच्या जातीपेक्षा अंगलट बघतात : नराची खांद्यापर्यंतची उंची 51 सेंटिमीटर किंवा जास्त, रुंद डोकं, भरलेली छाती, अशी सगळी मोजमापं. त्यामुळे नाव बदलून काही होणार नाही. दुबईतही पिट बुल घराण्यातली कुत्री आणायला बंदी आहे, आणि एक्सएल बुली त्याच घराण्यातला. रॉटवायलर, डॉबरमन आणि बॉक्सरलासुद्धा.

त्याच्यासाठी इथेच घर शोधा, आणि ते जायच्या आदल्या महिन्यात नको. ज्या कुटुंबाकडे द्यायचा, त्यांना आठ-दहा वेळा घरी बोलवा, त्यांच्या हातून जेवण द्या, मग दोन दिवस त्यांच्याकडे ठेवून बघा. लहान मूल किंवा दुसरं नर कुत्रं असलेलं घर टाळा. महापालिकेचा परवाना नव्या मालकाच्या नावावर करा, लसीचं पुस्तक सोबत द्या. खायच्या सवयी, घाबरायच्या गोष्टी, फटाक्यांच्या दिवसांत तो कुठे जाऊन बसतो, हे सगळं तुमच्या हातानं कागदावर लिहून द्या. मनासारखं घर मिळालं नाही तर मला कळवा, मीही माझ्या पेशंटांच्या घरांमध्ये विचारून बघते.