नववीतला मुलगा, कोथरूडचा फ्लॅट आणि ले मान्स

प्रश्न : आम्ही डेन्मार्कमध्ये ऑर्हूसला राहतो. यजमान पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत. दहाव्या वर्षापासून क्लबात कार्टिंग करतो. पहिल्या पाचात असतो, पण अजिंक्यपद एकदाही मिळालेलं नाही. त्याला फ्रान्समधली ले मान्सची शर्यत गाजवणाऱ्या टॉम क्रिस्टेन्सन या डॅनिश चालकासारखं व्हायचंय. एका संघाने सिंगल सीटर गाडीचा पूर्ण हंगाम देऊ केलाय, पैसे मात्र आम्ही भरायचे. त्यासाठी हे कोथरूडचा फ्लॅट विकायला निघालेत. मुलगा म्हणतो, वर्षभर शाळा बाजूला ठेवतो, आधीच उशीर झालाय. आमच्या दोन्हीकडच्या घरांत कुणी स्कूटरसुद्धा जोरात चालवली नाही. काय करावं? – एक आई

उत्तर :

ताई, आधी फ्लॅटचं बोलू. विकू नका. संघाने मुलाला निवडलंय असा तुमचा समज झालेला दिसतो, पण पैसे तुम्ही भरणार असाल तर संघाला गिऱ्हाईक मिळालंय, एवढाच त्याचा अर्थ. हंगाम संपला की पुढच्या हंगामाचं बिल येतं, आणि ते आधीच्यापेक्षा मोठं असतं. तेव्हा विकायला दुसरा फ्लॅट नसेल.

आता उशिराचं. मुलाने आदर्श फार चांगला निवडलाय, फक्त त्याच्या आयुष्यातल्या तारखा नीट पाहिलेल्या नाहीत. क्रिस्टेन्सन तुमच्या उत्तरेला असलेल्या होब्रोचा. जन्म 1967 चा, वडिलांचा पेट्रोल पंप. जर्मन फॉर्म्युला थ्रीचं, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या मालिकेचं, अजिंक्यपद त्याला 1991 मध्ये मिळालं, म्हणजे चोविसाव्या वर्षी. त्यानंतर फॉर्म्युला वनचं दार उघडलं नाही. मग तो जपानला गेला, 1993 मध्ये तिथलं फॉर्म्युला थ्री जिंकला आणि टुरिंग कारही चालवत राहिला. टुरिंग कार म्हणजे आपण रस्त्यावर बघतो त्याच गाड्यांची शर्यतीसाठी बांधलेली रूपं. खेटून चालवायच्या, आरशाला आरसा घासायचा. ज्या मुलांना फॉर्म्युला वनशिवाय सगळं दुय्यम वाटतं, ती या वाटेकडे पाहतही नाहीत. क्रिस्टेन्सनचं पोट मात्र तिथे भरत होतं आणि हात तयार होत होता.

मग 1997. योस्ट या जर्मन संघाचा एक चालक जखमी झाला होता. ले मान्सची चोवीस तासांची शर्यत काही दिवसांवर आली असताना क्रिस्टेन्सनला बोलावणं आलं. सोबतीला मिकेले अल्बोरेटो आणि स्टेफान योहान्सन, दोघंही एकेकाळचे फेरारीचे फॉर्म्युला वन चालक. हा ले मान्सला नवखा, गाडीशीही जेमतेम ओळख. रात्रीच्या पाळीत त्याने विक्रमी वेळ काढली आणि पहिल्याच खेपेला शर्यत जिंकली. तेव्हा तो तिशीला टेकला होता. तुमच्या मुलाच्या हिशेबाने दुप्पट म्हातारा!

पुढे 2000 ते 2005 सलग सहा विजय, त्यात 2003 चा बेंटलेतून आणि बाकीचे ऑडीतून, मग 2008 आणि 2013. एकूण नऊ, इतके कुणाचेच नाहीत. त्याच्या आधी जॅकी इक्सचे सहा हा उच्चांक होता. मला मात्र नऊपेक्षा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. तो ले मान्सला 18 वेळा उतरला. चार वेळा गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. उरलेल्या चौदाही वेळा तो पहिल्या तिघांत होता. गाडी टिकली की हा माणूस व्यासपीठावर असायचाच.

असं सातत्य नुसत्या वेगातून येत नाही. एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे ले मान्ससारख्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत, एक गाडी तिघं जण आळीपाळीने चालवतात. सहा तासांत कुणी चारपेक्षा जास्त तास चालवायचे नाहीत आणि एकूण चौदाच्या वर जायचं नाही, असा ले मान्सचा नियम. पिटमध्ये, म्हणजे गाडी मधेच थांबते त्या जागी, होणाऱ्या चालकांच्या अदलाबदलीचा व्हिडिओ मुलाला एकदा हळू करून बघायला सांगा. उतरणारा गाडी थांबायच्या आत तयारीत असतो. तो पट्टे सोडतो, स्वतःच्या मापाची गादी उपसून बाहेर येतो. दुसरा आत घुसतो. उतरलेला घामाने निथळत असतो, तरी लगेच बाजूला होत नाही. वाकून आतल्याचे पट्टे आवळतो, रेडिओची तार आणि पाण्याची नळी जोडतो, मगच दार लागतं. सीट तिघांची, ब्रेकही तिघांना चालेल असा लावलेला. कुणालाच ती गाडी शंभर टक्के आपल्या मनासारखी मिळत नाही. त्यात आपला वेग काढायचा आणि पुढच्याच्या हातात गाडी धड द्यायची. 2008 मध्ये प्यूजोच्या गाड्या ऑडीपेक्षा फेरीमागे काही सेकंदांनी वेगवान होत्या. तरी रात्रीच्या पावसात क्रिस्टेन्सन, कापेल्लो आणि मॅकनिश यांनी शर्यत ओढून आणली.

आणि टुरिंग त्याने सोडलं नाही. 2000 मध्ये ब्रिटिश टुरिंग कार मालिकेत होंडा अकॉर्ड आणि त्याच वर्षी ले मान्सला ऑडी. 2004 पासून डीटीएम या जर्मनीच्या टुरिंग कार मालिकेत आब्ट संघाकडून, तिथे दोनदा एकूण तिसरा. कंपनीचा पगारी चालक असाच असतो, सांगितली ती गाडी चालवतो.

धोक्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तो प्रश्न ओळींमध्ये दिसला. 2007 च्या एप्रिलमध्ये हॉकेनहाइमला क्रिस्टेन्सनला मोठा अपघात झाला. जूनमध्ये तो ले मान्सला परत उतरला. 2013 मध्ये त्याच शर्यतीत पहिल्या काही मिनिटांतच झालेल्या अपघातात अ‍ॅलन सिमॉन्सन हा डॅनिश चालक गेला. वय 34. क्रिस्टेन्सनने तो नववा विजय त्याला अर्पण केला. गाड्या पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित झाल्यात, तरीही ही गोष्ट मुलासमोर एकदा घरात बोलली गेली पाहिजे, वडिलांच्या तोंडून.

सगळे क्रिस्टेन्सन होत नाहीत, हे उघड आहे. पण या क्षेत्रात मधल्या पायऱ्या बऱ्याच आहेत. मोटार शर्यतींचा आंतरराष्ट्रीय महासंघ चालकांची ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी वर्गवारी करतो, आणि जीटी, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बांधलेल्या गाड्यांच्या, शर्यतींत कित्येकदा संघात एक ब्राँझ, म्हणजे बहुधा हौशी आणि पैसेवाला, चालक सक्तीचा असतो. त्याच्या शेजारी पगारी चालक लागतो, जो त्याला शिकवतो, त्याच्या गाडीने नोंदवलेली माहिती वाचतो, चुका न दुखावता सांगतो. अनेकांची चूल यावर पेटते. डेन्मार्कचाच कुर्ट थीम 1986 चा डीटीएम विजेता. त्याचा मुलगा निकी दोनदा जीटीचा जागतिक विजेता झाला, तेही फॉर्म्युला वनला न जाता. छोट्या देशातून इतके लोक या वाटेने गेलेत, म्हणजे वाट आहे.

शाळा सोडायची नाही. नववीनंतर तांत्रिक शाखेचं जिम्नेशियम (तिकडचं उच्च माध्यमिक) किंवा ऑटोमेकॅनिकचा व्यावसायिक कोर्स आणि जिम्नेशियमचे विषय एकत्र असलेली एउक्स, यांतलं एक. मला दुसरं जास्त पटतं. आपल्याकडे मेकॅनिक म्हटलं की नातेवाईक नाक मुरडतील, मुरडू द्या. तिसरी भाषा जर्मन ठेवा. योस्ट, आब्ट, ऑडी, पोर्शे ही सगळी जर्मन नावं, आणि इंजिनिअरशी त्याच्या भाषेत बोलणारा चालक लवकर लक्षात राहतो. पुढे विद्यापीठात जायचं झालं तर फी लागेल की नाही, हे तुमच्या राहण्याच्या परवान्यावर ठरतं. ते आत्ताच विचारून घ्या, अठराव्या वर्षी धावपळ नको.

कार्टिंग सुरूच ठेवा, पण घरच्या उत्पन्नातून झेपेल तेवढंच आणि वर्षाचा आकडा आधी ठरवून. या हंगामात एक शनिवार-रविवार त्याने गाडी न चालवता दुसऱ्या मुलाचा मेकॅनिक म्हणून राहावं. युलंड्सरिंग हा शर्यतीचा ट्रॅक तुमच्यापासून फार लांब नाही. तिथे टुरिंग कारची शर्यत असेल तेव्हा त्याला प्रेक्षकांत बसवू नका, क्लबमार्फत स्वयंसेवकाचं काम मागा. टायर उचलून, टेंट बांधून दोन दिवसांनी घरी येईल तेव्हा तो काय बोलतो ते ऐका. गाड्यांबद्दल बोलला की फक्त स्वतःच्या वेळेबद्दल, हे मला कळवा.

आणि पुढच्या पत्रासोबत गेल्या हंगामातली त्याची फेऱ्यांच्या वेळांची पत्रकं पाठवा. सर्वोत्तम फेरी नको, शेवटच्या दहा फेऱ्या हव्यात. पत्र यजमानांनी लिहिलं तर बरं.